मच्छिंद्र कांबळी गेले, पण ‘तात्या सरपंच’ का गेले नाहीत? समजून घ्या

थोडक्यात:
• मच्छिंद्र कांबळी: जन्म ४ एप्रिल १९४७, निधन ३० सप्टेंबर २००७, मूळ गाव मालवण तालुक्यातील रेवंडी
• गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले, ५ हजारांहून अधिक प्रयोग झाले
• बंद पडायच्या बेतात असलेल्या या नाटकाला पु. ल. देशपांडे यांच्या पत्राने हात दिला
• नट बदलले, संच बदलले, तरी प्रेक्षकांच्या मनातला तात्या सरपंच एकच राहिला

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सप्ताहाची, गणपतीची किंवा क्रिकेट स्पर्धेची चर्चा सुरू होते. आधी वर्गणीवर वाद, मग मानपानावर, मग जुनी भांडणे निघतात. अशा वेळी सिंधुदुर्गातल्या ग्रुपवर कोणीतरी ‘वस्त्रहरण’ची आठवण काढतोच. पुढे काही लिहावे लागत नाही. सगळे हसतात आणि बैठक पुन्हा मूळ विषयावर येते.

यात गंमत अशी, की हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे नाटक नाट्यगृहात कधी पाहिलेलेच नसते. तात्या सरपंच रंगवणारे मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले, तेव्हा आज पंचविशी-तिशीत असलेली आमची पिढी प्राथमिक शाळेत होती. आमच्याकडे ते आले ते घरातल्यांच्या बोलण्यातून, सीडीतून आणि नंतर मोबाइलच्या पडद्यावरून. तरीही ते आपल्या घरातलेच कोणीतरी वाटतात. असे का होते? जाणून घेऊया.

कोण होते मच्छिंद्र कांबळी?

मालवणहून आचऱ्याच्या दिशेने निघाले, की कोळंबच्या पुढे खाडीकाठाला रेवंडी गाव लागते. मच्छिंद्र कांबळी यांचे हे मूळ गाव. त्यांचा जन्म १९४७ चा, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीचा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे ‘वस्त्रहरण’ हे नाटक आपल्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठे आहे!

त्या काळातल्या कोकणातल्या घराचा हिशेब साधा होता. शेती पावसावर, मासेमारी दर्यावर आणि रोख पैसा मुंबईच्या मनीऑर्डरवर. घरातला एक तरी माणूस मुंबईत चाकरमानी. गिरणी, गोदी, छापखाना, सरकारी कचेरी, जिथे काम मिळेल तिथे. नाटकाचे वेड मात्र गावाहूनच बरोबर जायचे. जत्रेतला दशावतार रात्रभर जागून पाहिलेला माणूस मुंबईत आला, तरी नाटकाशिवाय त्याचे भागत नसे. चाळीत, गावमंडळात, कामगार स्पर्धेत तो नाटक करायचाच.

मच्छिंद्र कांबळी याच माणसांमधून वर आलेले नट. पुढे लोकांनी त्यांना ‘मालवणी नटसम्राट’ ही पदवी दिली. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पण लोकांच्या तोंडी त्यांची ओळख एकच राहिली, तात्या सरपंच.

त्याआधी रंगभूमीवर मालवणी कुठे होती?

होती, पण मागच्या दाराने यायची. मुंबई-पुण्याच्या नाटकात मालवणी बोलायचा तो घरगडी, स्वयंपाकी, फार तर चाळीतला शेजारी. दोन विनोद करायचे, हशा घ्यायचा आणि विंगेत जायचे, एवढेच त्याचे काम. नाटकाचा नायक मात्र पुस्तकी मराठीत बोलायचा.

याचा परिणाम खऱ्या आयुष्यावरही होत होता. शाळेत ‘माका’ म्हटले की मास्तर ‘मला’ म्हणायला लावायचे. मुंबईत ‘खय’ म्हटले की लोक हसायचे. त्यामुळे घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, अशी अनेक चाकरमान्यांना सवयच लागली होती. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, यावर अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत. बोलणाऱ्याला मात्र प्रश्न वेगळाच होता. ही भाषा चारचौघांत बोलायची की नाही, हा तो प्रश्न.

‘वस्त्रहरण’मध्ये असे काय आहे?

नाटकाचा विषय एका ओळीत सांगता येतो. कोकणातल्या एका गावात द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसते. पहिल्या भागात त्याची तालीम आणि दुसऱ्या भागात प्रत्यक्ष प्रयोग. बस्स. पण ज्याने गावात एकदा तरी नाटक बसवले आहे, त्याला पुढचे सांगायची गरज नाही.

कोणाला कुठली भूमिका, यावरून रुसवेफुगवे. पाठांतराच्या नावाने बोंब. ऐनवेळी निघणाऱ्या अडचणी. महाभारतातले वीर आणि ते रंगवणारे गावातले गडी यांच्यातले जमीन-अस्मानाचे अंतर. आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारे तात्या सरपंच. त्यांना नाटकातले फार कळते असे नाही, पण गावाची अब्रू जाता कामा नये, एवढे पक्के कळते.

लेखक गंगाराम गवाणकर हे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. त्यांनी हे जग जवळून पाहिलेले होते. पुढे या नाटकाच्या प्रवासावर त्यांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ हे पुस्तक लिहिले. २०१६ मध्ये ठाण्यात झालेल्या ९६ व्या नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

नाटकाच्या मुळाशी आहे दशावतार. सिंधुदुर्गातल्या या लोकनाट्यात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणे मात्र नटाने जागेवर रचायचे. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. पेट्रोमॅक्सच्या उजेडात देव, दैत्य आणि समोर बसलेले गावकरी यांच्यातले अंतर पुसून जाते. मच्छिंद्र कांबळी यांनी हीच रीत मुंबईच्या नाट्यगृहात आणली. पदरची वाक्ये घालणे, समोरच्या प्रेक्षकांचा कल ओळखून बोलणे, चुकलेल्या जागेचाच विनोद करणे, यासाठी ते ओळखले जात. म्हणून तर तेच नाटक पुन्हा पाहायला लोक येत. गोष्ट तोंडपाठ असायची, पण आज तात्या काय बोलणार, हे कोणालाच ठाऊक नसायचे.

बंद पडणारे नाटक वाचले कसे?

आज ५ हजार प्रयोगांचा आकडा वाचून वाटते, की हे नाटक पहिल्या दिवसापासून धो-धो चालले असेल. तसे झाले नाही. १९८० मध्ये आलेल्या या नाटकाला सुरुवातीला बुकिंग नव्हते. संपूर्ण मालवणीतले नाटक बिगरमालवणी प्रेक्षकाला कळेल का, ही शंका होतीच. व्यावसायिक नाटकाचे गणित कठोर असते. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, नटांची नाइट, बसचा खर्च. तिकीट खिडकीवर पैसे आले नाहीत, तर चांगले नाटकही चार-सहा प्रयोगांत गुंडाळावे लागते.

अशा वेळी पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिले. त्यांना ते मनापासून आवडले आणि त्यांनी तसे पत्र लिहून दिलखुलास दाद दिली. ते पत्र नाटकाच्या जाहिरातीत छापले गेले आणि चित्र पालटले. जो मध्यमवर्गीय प्रेक्षक मालवणी नाटकाकडे वळत नव्हता, तो तिकीट काढून येऊ लागला. रत्नागिरीचा अंतू बर्वा मराठी वाचकाच्या घरात नेऊन बसवणाऱ्या लेखकाला कोकणी विनोदाची जात कळावी, यात नवल नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पत्राने नवा प्रेक्षक दारापर्यंत आणला. त्याला आत बसवून ठेवले ते नटांच्या संचाने. आणि लालबाग-परळपासून गिरगावपर्यंतचा कोकणी माणूस तर आपली भाषा ऐकायला येतच होता. ज्या बोलीसाठी त्याला ऑफिसात टोमणे मिळत, त्याच बोलीला इथे शेजारच्या खुर्चीवरचा पुणेकर टाळ्या देत होता. हा अनुभव नुसत्या विनोदाचा नव्हता. पुढे हे नाटक लंडनपर्यंत जाऊन आले.

याचा ‘स्टार ट्रेक’शी काय संबंध?

प्रेक्षकांच्या चिवट प्रेमाचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञान मालिका. आपल्याकडे ती ८० च्या दशकात दूरदर्शनवरही दाखवली गेली. अंतराळयान आणि कोकणातले गाव यांचा एकमेकांशी काय संबंध, असे वाटेल. पण दोन्हींची कहाणी शेजारी ठेवून पाहा.

ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. प्रेक्षकसंख्या कमी, म्हणून दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला पत्रांवर पत्रे पाठवली आणि मालिकेला तिसरे वर्ष मिळाले. १९६९ मध्ये ७९ भागांवर ती संपली. खरी लोकप्रियता त्यानंतर आली, जुने भाग स्थानिक वाहिन्यांवर पुन:पुन्हा दाखवले जाऊ लागले तेव्हा. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचा मोठा मेळावा भरला. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळेच ‘नासा’च्या पहिल्या चाचणी स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचे, ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले.

लोकांचे प्रेम होते ते कॅप्टन कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय, स्कॉटी या संचावर. यानातला इंजिनीअर स्कॉटी रंगवणारे जेम्स डूहान इंजिनीअर नव्हते. पण त्यांना पाहून इतके विद्यार्थी या शाखेकडे वळले, की अमेरिकेतल्या मिलवॉकी येथील इंजिनीअरिंग महाविद्यालयाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत सबमिशनसाठी रात्री जागवलेल्या कोणालाही हे पटेल. बिघाड झाला की सगळे ज्याच्याकडे धाव घेतात, तो माणूस लक्षात राहतोच.

दोन्हीकडे तीन गोष्टी सारख्या दिसतात. पहिली, गोष्ट एका नायकाची नाही, एका टोळीची आहे. ती भांडते, चुकते, पण हातातले काम सोडत नाही. दुसरी, तेच तेच पुन्हा पाहिल्याने ही माणसे ओळखीची होतात. तिकडे मालिकेचे पुन:प्रक्षेपण, इकडे कॅसेट आणि सीडी. तिसरी, प्रेक्षकाला त्यात स्वत:साठी जागा सापडते. तिकडे विज्ञानाच्या नादी लागलेल्या एकलकोंड्या मुलाला, इकडे आपली बोली लपवणाऱ्या चाकरमान्याला.

फरक एकच, पण मोठा आहे. मालिकेचे भाग जसेच्या तसे साठवलेले आहेत. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. ‘वस्त्रहरण’चे चित्रीकरण आहे, पण ते एका दिवसाचे. बाकीच्या हजारो रात्रींचे तात्या सरपंच फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहेत. म्हणूनच कोकणात या नाटकाविषयी बोलताना जुना माणूस हटकून सांगतो, की आपण कुठला प्रयोग पाहिला आणि त्या दिवशी काय घडले होते.

संस्थेचे नाव ‘भद्रकाली’ कशावरून?

रेवंडीची ग्रामदेवता भद्रकाली. १९८२ मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी स्वत:ची नाट्यसंस्था काढली, तेव्हा तिला देवीचेच नाव दिले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. कोकणातली अनेक घरे ज्या पगारावर चालत, तो थांबला होता. अशा काळात मालवणी नाटकाची संस्था काढणे हे धाडसच होते.

‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘भैया हातपाय पसरी’, ‘येवा कोकण आपलोच असा’ अशी त्यांची नाटके गाजली. नावे पाहिली तरी कळते, की आता मालवणी मागच्या दाराने येत नव्हती. ती थेट वर्तमानपत्राच्या जाहिरातीत, मोठ्या टायपात छापली जात होती. दादरच्या शिवाजी मंदिरबाहेरच्या बोर्डावर आपल्या गावची भाषा वाचणे, ही त्या पिढीसाठी छोटी गोष्ट नव्हती.

नट स्वत:च निर्माता झाला, की जोखीम दुप्पट होते. रात्री रंगमंचावर लोकांना हसवायचे आणि सकाळी बुकिंगचा, दौऱ्याचा, बसचा हिशेब करायचा. ही कसरत ते अखेरपर्यंत करत राहिले. ३० सप्टेंबर २००७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६० वर्षांचे होते.

नट गेला, मग नाटकाचे काय झाले?

एखादी भूमिका एका नटाशी इतकी जोडली गेली, की दुसऱ्याने ती करणे अवघड होऊन बसते. ‘स्टार ट्रेक’लाही हे टळले नाही. २००९ मध्ये नव्या नटांना घेऊन चित्रपट आला, तेव्हा जुन्या स्पॉकला, म्हणजे लिओनार्ड निमॉय यांना, त्यात खास जागा द्यावी लागली.

‘वस्त्रहरण’ही नव्या संचासह उभे राहिले. मच्छिंद्र कांबळी यांच्यानंतर अभिनेते संतोष मयेकर यांनी तात्या सरपंच साकारला. पुढे लोकप्रिय कलाकारांना घेऊनही प्रयोग झाले. प्रेक्षक आले, हसले, आणि घरी जाताना जुन्या तात्यांची आठवण काढली. यात नव्या नटाचा कमीपणा नाही. गावात दशावतारातही असेच चालते. राजाची भूमिका वर्षानुवर्षे करणारा नट थकतो, दुसरा उभा राहतो आणि लोक काही वर्षे तुलना करत राहतात. पण दुसरा उभा राहिला नाही, तर कंपनीच बंद पडते. नवा नट त्या तुलनेचे ओझे घेऊन उभा राहतो, म्हणून जुना नट आठवणीत राहतो.

या प्रेमाची दुसरी बाजू कोणती?

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीला नायकाची जागा दिली. पण ती दिली विनोदी नाटकात. हे यश एवढे मोठे ठरले, की मालवणी म्हणजे विनोद, असे समीकरणच झाले. आजही रीलमध्ये कोणी मालवणीत बोलू लागला, की वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच लोक हसायला तयार असतात. मालवणीत दु:ख सांगता येते, राग मांडता येतो, प्रेम करता येते, हे रोज घरात अनुभवणाऱ्या आपल्यालाही पडद्यावर ते पाहताना खटकते.

२०१६ मध्ये आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेने हे समीकरण थोडे हलवले. आकेरीत चित्रीत झालेल्या त्या मालिकेत मालवणी भीतीची, वाड्यातल्या भाऊबंदकीची भाषा झाली. कोकणाची प्रतिमा बिघडते, म्हणून सुरुवातीला तिला विरोधही झाला. नंतर त्याच वाड्यासमोर फोटो काढायला पर्यटकांची रांग लागली.

पण याचा दोष एकट्या मच्छिंद्र कांबळी यांच्यावर टाकणे योग्य नाही. त्यांनी बंद असलेला दरवाजा उघडला. त्या दरवाजातून फक्त विनोदच आत गेला असेल, तर बाकीचे घेऊन जायचे काम पुढच्यांचे होते. आणि ‘वस्त्रहरण’ नीट पाहिले, तर त्यातला विनोद मालवणी भाषेला हसणारा नाही. मोठी स्वप्ने आणि तुटपुंजी साधने यांच्या ओढाताणीतून तो निर्माण होतो. प्रेक्षक तात्यांना हसतो, पण नाटक पार पडावे असेही त्याला मनापासून वाटत असते.

आज काय उरले आहे?

भद्रकाली संस्था आज त्यांचे पुत्र प्रसाद कांबळी चालवतात. २०१७ मध्ये याच संस्थेने प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित ‘संगीत देवबाभळी’ रंगभूमीवर आणले. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई यांच्यातल्या संवादाचे हे नाटक. मालवणी विनोदासाठी ओळखल्या गेलेल्या संस्थेचे हे वेगळेच पाऊल होते आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. रेवंडीच्या देवीचे नाव आजही मराठी नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात वर छापले जाते.

मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे, जिल्हाभर दशावताराच्या कंपन्या आहेत आणि गावोगावी हौशी मंडळी अजून नाटक बसवतात. तालमीला अर्धे लोक येत नाहीत, कारण कोणी गोव्यात कामाला असतो, तर कोणाची पर्यटकांची होडी असते. तरी जत्रेच्या आसपास नाटक उभे राहतेच. कोणीतरी रुसतो, कोणीतरी पाठांतर विसरतो आणि एक वयस्कर गावकरी पुढच्या खुर्चीवर बसून सगळ्यांना ओरडत असतो.

हे पाहिले, की तात्या सरपंच का गेले नाहीत, याचे उत्तर मिळते. मच्छिंद्र कांबळी यांनी रंगमंचावर नेलेला माणूस मुळात आपल्या गावातलाच होता, आणि तो अजून गावातच आहे.

‘वस्त्रहरण’ पाहिले नसेल, तर त्याचे चित्रीकरण मोबाइलवर एकट्याने पाहू नका. घरात आजी-आजोबा किंवा मुंबईत नाटक पाहिलेले काका असतील, तर त्यांच्या शेजारी बसून पाहा. चित्रीकरणात नसलेले बरेच काही त्यांच्याकडून कळेल. ते ऐकून ठेवायला हवे, कारण ते दुसरीकडे कुठेही साठवलेले नाही.